बॅच फाइलमधून बॅश चालवताना: कोट कुठं, किती आणि कुणासाठी

बॅकअपच्या फोल्डरमध्ये एकच फाइल होती. नाव: एम-डी.टार.जीझेड. अकरा महिने रोज रात्री साडेनऊला बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीनं लिहिलेली फाइल) चालत होती, रोज सकाळी मी लॉगमध्ये 'झालं' ही ओळ बघत होते, आणि रोज रात्री नवी प्रत कालच्या प्रतीच्या डोक्यावर बसत होती. हे कळलं त्या दिवशी आम्हाला आठ दिवसांपूर्वीचं सूतखरेदीचं पान हवं होतं. चुकून चाळीसेक नोंदी पुसल्या गेल्या होत्या. हातात होती ती फक्त काल रात्रीची प्रत, म्हणजे नोंदी पुसून झाल्यानंतरची. कागदी चलनं काढून, मावशी वाचून दाखवतायत आणि मी भरतेय, असं करत तीन दिवसांत सगळं पुन्हा उभं केलं.

मी इचलकरंजीत एका कापड पेढीचे संगणक सांभाळते. पाच यंत्रं, सगळी विंडोजवर. हिशेबाचे लोक विंडोजवर काम करतात आणि प्रती काढणं, फायली चाळणं, जुनं साफ करणं ही कामं मला लिनक्सच्या आज्ञांनी करायला बरी वाटतात. त्यामुळे दोन्हींना जोडणाऱ्या, म्हणजे विंडोजमधून लिनक्सचं बॅश (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच शेल) चालवणाऱ्या, बॅच फायली मी गेली कित्येक वर्षं लिहितेय. त्या अकरा महिन्यांच्या चुकीचं मूळ एका टक्क्याच्या चिन्हात होतं. तेव्हापासून मी हा विषय नीट बसून शिकले, आणि जे शिकले ते इथं सांगते.

एक सोय आधी समजून घ्या. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करा. चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच्या तशी घ्या, कारण इथला सगळा मामला चिन्हांचाच आहे. कॅपिटल अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे.

ओळ कुणाकुणाच्या हातातून जाते

बॅच फाइलमध्ये अशी एक ओळ आहे असं समजा:

डब्ल्यूएसएल बॅश -सी "एको $होम"

(होम कॅपिटल.) ही ओळ थेट बॅशकडे जाते असं वाटतं, पण तसं होत नाही. आधी ती सीएमडी, म्हणजे विंडोजचा आज्ञा वाचणारा, वाचतो. तो टक्के (%), अँपरसँड (&), पाइप (|), कॅरेट (^) ही आपल्या कामाची चिन्हं उचलून घेतो. उरलेली ओळ तो डब्ल्यूएसएल या, विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या, प्रोग्रामला देतो. विंडोजवर प्रोग्रामला अख्खी ओळ एकच लांब मजकूर म्हणून मिळते आणि तिचे तुकडे ज्याचे त्यानं पाडायचे असतात. लिनक्समध्ये उलट: तिथं प्रोग्रामला तुकडे पाडून, सुटे सुटे दिले जातात. म्हणजे मधे कुणीतरी तुकडे पाडणारा आला. मग डब्ल्यूएसएल ते सगळं लिनक्समधल्या ठरलेल्या शेलला देतं, तो ओळ पुन्हा वाचतो. आणि त्यानंतर कुठं आपण लिहिलेलं 'बॅश -सी' चालू होतं, तो चौथ्यांदा वाचतो.

आमच्याकडं यंत्रमागावर बीम चढवण्याआधी वहिफणीचं काम असतं. प्रत्येक धागा आधी वहीतून आणि मग फणीतून ओवायचा. एक धागा चुकला की कापडावर सरळ रेघ उमटते, आणि ती कापड बघून दुरुस्त होत नाही, मागं जाऊन तो धागा जिथं चुकला तिथंच सोडवावा लागतो. कोटांचंही तसंच आहे. आज्ञा मोडली की आपण अंदाजानं एक कोट वाढवतो, एक बॅकस्लॅश घालतो, चाललं तर पुढं जातो. तसं करू नका. कुठल्या वाचणाऱ्यानं कुठलं चिन्ह खाल्लं ते आधी शोधा.

या वाचणाऱ्यांचे रिवाज वेगळे असायला कारण आहे. बॅश 1989 सालचं, ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेलं, आणि त्याचे कोटांचे नियम 1979 च्या बोर्न शेलकडून आलेले. सीएमडीची रीत डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, घराण्यातली. डॉसमध्ये 1983 साली फोल्डर आले तेव्हा साधा स्लॅश आधीच आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात होता, म्हणून फायलीची वाट (पाथ) दाखवायला बॅकस्लॅश घेतला गेला. जे चिन्ह लिनक्समध्ये 'पुढच्या चिन्हाचा खास अर्थ सोड' असं सांगतं, तेच विंडोजमध्ये फोल्डरांमधलं कुंपण झालं. सीएमडीमध्ये ते काम कॅरेटकडं आहे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की अर्ध्या चुका होण्याआधीच दिसतात.

सीएमडी काय खातो

पहिला टक्का. माझी मूळ ओळ अशी होती:

डब्ल्यूएसएल बॅश -सी "टार -सीझेडएफ /एमएनटी/ई/प्रती/$(डेट +%वाय-%एम-%डी).टार.जीझेड /एमएनटी/डी/हिशेब"

(टार फायलींची एकत्र प्रत बांधतो, डेट तारीख छापतो. वाय कॅपिटल, एम आणि डी लहान.) आत तारीख यायला हवी. पण बॅच फाइलमध्ये दोन टक्क्यांच्या मधलं जे असेल ते सीएमडीला व्हेरिएबलचं नाव वाटतं. त्यानं 'वाय-' नावाचं व्हेरिएबल शोधलं, मिळालं नाही, म्हणून त्या जागी काहीच ठेवलं नाही. पुढं 'एम-' तसंच राहिलं. शेवटचा टक्का एकटा उरला, तो टाकून दिला. बॅशच्या हाती आलं ते 'डेट +एम-डी', आणि डेटनं इमानानं 'एम-डी' हीच अक्षरं छापली. डबल कोटांत ठेवूनही टक्का वाचत नाही, हे नीट लक्षात घ्या: टक्क्यांचं काम सीएमडी कोटांकडं बघण्याच्याही आधी करतो.

उपाय एका अक्षराचा आहे. बॅच फाइलमध्ये खरा टक्का हवा असेल तर तो दोनदा लिहायचा:

डेट +%%वाय-%%एम-%%डी

मग मी ही ओळ आधी तपासली नव्हती का? तपासली होती. सीएमडीच्या काळ्या खिडकीत थेट टाइप करून. तिथं ती बरोबर चालते, कारण खिडकीत टाइप केल्यावर न सापडलेलं व्हेरिएबल सीएमडी जसंच्या तसं सोडून देतो. फाइलमध्ये ते पुसून टाकतो. म्हणून बॅच फाइलसाठीची ओळ बॅच फाइलमध्येच तपासायची. फॉरच्या लूपमध्येही हाच भेद आहे: खिडकीत %आय, फाइलमध्ये %%आय.

दुसरं, अँपरसँड. आमच्या एका फोल्डरचं नाव 'येणे & देणे' आहे आणि ते बदलायला कुणी तयार नाही; योग्यच आहे, माणसांनी यंत्रासाठी आपली नावं का बदलावीत. पण असं लिहिलंत तर:

सेट मूळ=डी:\हिशेब\येणे & देणे

सीएमडी दोन आज्ञा बघतो. पहिली 'येणे'पर्यंतची, आणि दुसरी 'देणे' नावाची. दुसरी सापडत नाही म्हणून तक्रार करतो, आणि व्हेरिएबलमध्ये 'येणे' व एक मोकळी जागा शिल्लक राहते. बरोबर रीत ही:

सेट "मूळ=डी:\हिशेब\येणे & देणे"

कोट नावाच्या आधी उघडतो आणि अगदी शेवटी मिटतो. अशा लिहिण्यात कोट किमतीत शिरत नाहीत आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही आत जात नाही. मग वापरताना दर वेळी कोटांत: "%मूळ%". एकदाही उघडं सोडू नका, कारण टक्क्यांच्या जागी किंमत बसते ती आधी आणि अँपरसँड शोधला जातो तो नंतर.

यात एक दिलासा आहे. विंडोजवर फाइलच्या नावात डबल कोट चालतच नाही. म्हणजे वाट डबल कोटांत ठेवली की ती आतून फुटण्याची भीती सीएमडीपुरती संपली. अँपरसँड, कंस, कॅरेट, सगळं आत सुरक्षित. टक्क्याचा अपवाद: '5% सूट' असं फोल्डर फाइलमध्ये हातानं लिहायचं तर '5%% सूट' लिहावं लागेल. तेच नाव व्हेरिएबलमधून किंवा फॉरच्या लूपमधून आलं तर काही करावं लागत नाही. फक्त त्या ओळीच्या आधी 'कॉल' असेल तर सीएमडी टक्के दुसऱ्यांदा चाळतो, आणि कोटांतले कॅरेट दुप्पटही करतो. दुसरी बॅच फाइल बोलवायला कॉल लागतोच. डब्ल्यूएसएल किंवा बॅश चालवायला लागत नाही, तिथं तो घालू नका.

तिसरं, उद्गारचिन्ह. फाइलच्या वर 'सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन' लिहिलेलं असेल तर उद्गारचिन्हंही टक्क्यांसारखी खाल्ली जातात. इंटरनेटवरून उचललेल्या बॅच फायलींत ही ओळ सर्रास असते. गरज नसेल तर काढा.

बॅकस्लॅश आणि कोट यांची जोडी

आता सगळ्यात फसवी जागा. ही ओळ बघा:

डब्ल्यूएसएल -ई बॅश -सी "एको \"येणे & देणे\""

लिनक्सची सवय असलेल्याला हे बिनचूक वाटतं. पण सीएमडीला बॅकस्लॅशचं काही देणंघेणं नाही. तो फक्त कोट मोजतो: पहिला उघडला, दुसरा मिटला. 'येणे' त्याच्या दृष्टीनं कोटांच्या बाहेर आलं, अँपरसँड उघडा पडला, आणि ओळ तिथंच तुटली. आतले कोट सिंगल ठेवा:

डब्ल्यूएसएल -ई बॅश -सी "एको 'येणे & देणे'"

सीएमडीला सिंगल कोट म्हणजे साधं अक्षर, तो त्याला हात लावत नाही. बॅशला सिंगल कोट म्हणजे पक्की भिंत: आतला डॉलर, बॅकटिक (`), बॅकस्लॅश, काहीही उघडलं जात नाही. बाहेर डबल, आत सिंगल, ही माझी एका ओळीच्या आज्ञेसाठीची ठरलेली रीत आहे. उलटं करू नका. बाहेर सिंगल ठेवलात तर सीएमडीला सगळी ओळ उघडीच दिसते.

याच जोडीचा दुसरा सापळा %~डीपी0 मध्ये आहे. हे व्हेरिएबल बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची वाट देतं, फार कामाचं आहे, पण त्याच्या शेवटी नेहमी बॅकस्लॅश असतो. "%~डीपी0" लिहिलं की शेवटी बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून कोट. मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमच्या नियमानं तुकडे पाडणारे प्रोग्राम (विंडोजवरचे बहुतेक तेच करतात) या जोडीचा अर्थ 'हा कोट मिटवणारा नाही, खरा कोट आहे' असा लावतात. मग पुढची सगळी ओळ त्याच तुकड्यात ओढली जाते. रोबोकॉपी (विंडोजची फायलींच्या प्रती काढणारी आज्ञा) वापरताना बऱ्याच जणांनी हे भोगलंय. उपाय सोपा: शेवटी एक टिंब घाला, "%~डीपी0." असं. टिंब म्हणजे 'हेच फोल्डर', वाट तीच राहते आणि बॅकस्लॅश कोटापासून लांब जातो. सीएमडीच्या पोटातल्या सीडीसारख्या आज्ञांना हा नियम लागू नाही, त्यामुळे सीडी /डी "%~डीपी0" बिनधास्त लिहा.

-ई का लिहायचं

वरच्या ओळींत मी डब्ल्यूएसएल नंतर -ई घालायला लागले ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचं कारण या ओळीत दिसतं:

डब्ल्यूएसएल बॅश -सी "फॉर आय इन 1 2 3; डू एको $आय; डन"

तीन आकडे अपेक्षित आहेत, छापल्या जातात तीन रिकाम्या ओळी. कारण मधला शेल. -ई नसेल तर डब्ल्यूएसएल ओळ आधी ठरलेल्या शेलला देतं, आणि तो $आय ची किंमत तिथंच भरून टाकतो. त्याच्याकडं अशी किंमत नाही, म्हणून रिकामी जागा. आपल्या बॅशकडं डॉलर पोचतच नाही. -ई लिहिलं की मधला शेल वगळला जातो, चार वाचणाऱ्यांचे तीन होतात. विंडोजच्या वाटांतले बॅकस्लॅशही मधल्या शेलमध्ये असेच गळतात. मला आजवर -ई शिवाय डब्ल्यूएसएल चालवावं असं एकही कारण बॅच फाइलमध्ये सापडलेलं नाही.

मोठं काम शेल फाइलमध्येच

एका ओळीचं काम असेल तर वरची रीत पुरते. पण पाइप आले, इफ आलं, आत पुन्हा ऑकची (मजकूर चाळणाऱ्या प्रोग्रामची) आज्ञा आली की कोटांच्या आत कोट घालण्यात दिवस जातो. आणि 'एप्रिल '24' असं नाव आलं की सिंगल कोटांची भिंतही पडते, कारण नावातला तो सिंगल कोट भिंत मधेच मिटवतो. अशा वेळी मी लढत बसत नाही. शेलचं सगळं काम वेगळ्या .एसएच फाइलमध्ये लिहिते आणि बॅच फाइलनं तिला फक्त नावं नेऊन द्यायची:

डब्ल्यूएसएल -ई बॅश ./मोजदाद.एसएच "एप्रिल '24"

शेल फाइलच्या आत "$1" असं लिहायचं, डबल कोटांत, विसरायचं नाही. आत सीएमडी कधीच येत नाही, त्यामुळे टक्का एकदाच लिहायचा, डॉलर डॉलरच राहतो, आणि फाइल एकट्यानं तपासता येते.

नाव आज्ञेत चिकटवू नये याला सोयीपलीकडचं कारणही आहे. विंडोजवर फाइलच्या नावात डॉलर, कंस आणि बॅकटिक चालतात. कुणी पाठवलेल्या फाइलच्या नावातच एखादी आज्ञा दडलेली असली आणि ते नाव तुम्ही बॅशच्या ओळीत जोडलंत, तर ती आज्ञा तुमच्या यंत्रावर चालेल. नाव वेगळा तुकडा म्हणून दिलं तर ते नावच राहतं.

लांब वाटांसाठी तर मी तुकडाही देत नाही, एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे प्रोग्रामला सोबत मिळणाऱ्या व्हेरिएबलांमधून, पाठवते. डब्ल्यूएसएलईएनव्ही नावाचं एक व्हेरिएबल आहे. त्यात ज्यांची नावं लिहाल ती व्हेरिएबलं लिनक्सच्या बाजूला पोचतात, आणि नावापुढं /पी लावलं तर विंडोजची वाट लिनक्सच्या वाटेत बदलून मिळते: डी:\हिशेब चं /एमएनटी/डी/हिशेब. ना कोट, ना बॅकस्लॅशची काळजी. आज आमच्याकडं रोज रात्री चालते ती फाइल ही:

@एको ऑफ
सेटलोकल डिसेबलडिलेडएक्सपान्शन
सीएचसीपी 65001 >एनयूएल
सीडी /डी "%~डीपी0"
सेट "मूळ=डी:\हिशेब\येणे & देणे"
सेट "जागा=ई:\प्रती"
सेट "डब्ल्यूएसएलईएनव्ही=मूळ/पी:जागा/पी"
डब्ल्यूएसएल -ई बॅश ./प्रत.एसएच
इफ एररलेव्हल 1 (
  एको प्रत झाली नाही
  एक्झिट /बी 1
)

आणि शेजारची प्रत.एसएच:

सेट -ईयूओ पाइपफेल
आज=$(डेट +%वाय-%एम-%डी)
टार -सीझेडएफ "$जागा/$आज.टार.जीझेड" -सी "$मूळ" .
टार -टीझेडएफ "$जागा/$आज.टार.जीझेड" > /डेव्ह/नल
एलएस -एल "$जागा/$आज.टार.जीझेड"

टारच्या पहिल्या ओळीत दुसरा -सी कॅपिटल आहे. तो आधी त्या फोल्डरमध्ये जायला सांगतो. व्हेरिएबलांची नावं रोमनच ठेवा, बॅशला त्यात दुसरी अक्षरं चालत नाहीत. 'सेट -ईयूओ पाइपफेल' मुळे कुठलीही आज्ञा चुकली किंवा एखादं व्हेरिएबल ठरवलेलंच नसलं की फाइल तिथंच थांबते आणि चूक झाल्याचा आकडा बॅच फाइलपर्यंत परत येतो. शेवटच्या दोन ओळी मी त्या अकरा महिन्यांनंतर घातल्या. एक प्रत उघडून बघते, दुसरी तिचं नाव आणि आकार लॉगमध्ये लिहिते. आता मी 'झालं' हा शब्द वाचत नाही, तारीख वाचते.

'इफ एररलेव्हल 1' चा अर्थ 'एक किंवा त्याहून जास्त' असा आहे, त्यामुळे शेल फाइलमधून परत येणाऱ्या सगळ्या चुका त्यात येतात. कंसांच्या आत %एररलेव्हल% लिहू नका. कंसातला मजकूर चालण्याआधीच त्याची जुनी किंमत भरली जाते. आणि कंसातल्या एकोच्या वाक्यात मिटणारा कंस टाकू नका, तो इफचाच कंस मिटवतो.

काय पोचलं ते डोळ्यांनी बघा

दाखव.एसएच नावाची एका ओळीची फाइल मी प्रत्येक यंत्रावर ठेवते:

प्रिंटएफ '<%एस>\एन' "$@"

मिळालेला प्रत्येक तुकडा ती कोनाच्या कंसांत, वेगळ्या ओळीवर छापते. खरी आज्ञा चालवण्याआधी तिच्या जागी हिला बोलवायचं:

डब्ल्यूएसएल -ई बॅश ./दाखव.एसएच "येणे & देणे" "एप्रिल '24"

दोन ओळी आल्या, <येणे & देणे> आणि <एप्रिल '24>, तर कोट बरोबर आहेत. तीन आल्या तर कुठंतरी मोकळ्या जागेवर तुकडा पडला. एकच आली तर बहुधा बॅकस्लॅशनं कोट गिळलाय. टक्क्याचा संशय असेल तर 'एको ऑफ' ची ओळ काढून फाइल चालवा: सीएमडी प्रत्येक ओळ टक्के उलगडल्यानंतर छापतो, म्हणजे त्यानं काय खाल्लं ते समोरच दिसतं. मी हे अकरा महिन्यांपूर्वी एकदा जरी केलं असतं तरी 'डेट +एम-डी' पहिल्याच रात्री दिसलं असतं.

गिट बॅश वापरत असाल तर

सगळ्या यंत्रांवर डब्ल्यूएसएल नसतं. गिटसोबत (प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनासोबत) येणारं बॅशही चालतं, फक्त त्याला पूर्ण वाटेनं बोलवा:

"सी:\प्रोग्राम फाइल्स\गिट\बिन\बॅश.ईएक्सई" ./प्रत.एसएच

नुसतं 'बॅश' लिहिलं तर सिस्टिम32 मधलं डब्ल्यूएसएलचं बॅश चालू होऊ शकतं. 'व्हेअर बॅश' विचारून बघा, किती आहेत आणि पहिलं कुठलं ते कळेल. गिट बॅशची एक खोड आहे: त्यातून विंडोजचा प्रोग्राम चालवताना स्लॅशनं सुरू होणारा तुकडा ते विंडोजची वाट समजून बदलून टाकतं. तसं नको असेल तर एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=1 लावा (सगळी अक्षरं कॅपिटल). वर सांगितलेलं डब्ल्यूएसएलईएनव्ही इथं चालत नाही. एन्व्हायर्नमेंटमधली व्हेरिएबलं तशीही पोचतात, वाट बदलायला सिगपाथ -यू वापरा.

आणि सीएमडी /सी च्या मागं ही ओळ द्यायची वेळ आली, उदाहरणार्थ टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत), तर दोनपेक्षा जास्त कोट दिसले की सीएमडी पहिला आणि शेवटचा कोट काढून टाकतो. म्हणून अख्ख्या ओळीभोवती कोटांची आणखी एक जोडी लागते. बॅच फाइलचीच वाट शेड्युलरला दिली तर हा प्रश्नच येत नाही, मी तेच करते.

फाइल सेव्ह करतानाच्या तीन गोष्टी

मराठी नावांच्या फोल्डरांसाठी बॅच फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा, पण बीओएम (फाइलच्या सुरुवातीला बसणारी न दिसणारी खूण) शिवाय. बीओएम असेल तर पहिल्या ओळीच्या आधी तीन विचित्र अक्षरं चिकटतात आणि '@एको ऑफ' ओळखीचं नाही अशी तक्रार येते. नोटपॅडच्या सेव्हच्या खिडकीत खाली एन्कोडिंग निवडता येतं, तिथं नुसतं यूटीएफ-8 घ्या. शिवाय फाइलमध्ये मराठी अक्षर येण्याआधी 'सीएचसीपी 65001' ची (सीएमडीला यूटीएफ-8 वाचायला सांगणारी) ओळ यायला हवी.

शेल फाइलच्या ओळी लिनक्सच्या पद्धतीनं संपायला हव्यात. विंडोजच्या एडिटरनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं \आर ठेवलं असेल तर बॅश $'\आर' नावाची आज्ञा सापडत नाही म्हणून अडतो, किंवा त्याहून वाईट, फाइलच्या नावाच्या शेवटी ते अक्षर चिकटवतो. सेड -आय 'एस/\आर$//' प्रत.एसएच हे एकदा चालवलं की साफ. हे मात्र लिनक्सच्या खिडकीतच चालवा. बॅच फाइल उलट विंडोजच्याच पद्धतीनं ठेवा, नाहीतर गोटूची लेबलं दगा देतात.

टास्क शेड्युलरमध्ये काम चालवायला तेच खातं निवडा ज्यात उबुंटू (डब्ल्यूएसएलमधलं लिनक्स) बसवलंय. डब्ल्यूएसएलमधलं लिनक्स खात्यागणिक नोंदलेलं असतं. सिस्टिम खात्यानं चालवलं तर त्याला एकही सापडत नाही, आणि तुम्ही कोट तपासत बसाल.

काल रात्रीची फाइल 9 वाजून 31 मिनिटांनी बनली. नावात वर्ष आहे, महिना आहे, दिवस आहे, आणि तिच्या खाली परवाची तशीच आहे.